काका गेले, आणि आम्ही आंघोळीला पळालो

हिल्डाकाकूंचा फोन आला तेव्हा मी जिना पुसत होतो. त्या आठवड्यात केरवोखेची पाळी आमची होती. म्हणजे बिल्डिंगचा सामायिक जिना आम्ही वरपासून खालपर्यंत लख्ख करायचा आणि तळमजल्यावरच्या बाईंनी तो बोट फिरवून तपासायचा. हातात ओलं फडकं, कान आणि खांदा यांच्यामध्ये फोन. काकू भरभर बोलत होत्या, इकडच्या अस्सल श्वाबिश जर्मन बोलीत, जी मला इतक्या वर्षांनंतरही निम्मीच कळते. उरलेल्या निम्म्याला मी ‘जा, जा, गेनाऊ’ म्हणतो... हो, हो, अगदी बरोबर. माझी इथली नोकरी, घर आणि शेजार त्या तीन शब्दांवर उभा आहे. त्या दिवशीही म्हटलं. मग काकू एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, “विनय, शरद आज पहाटे गेला.” शरदकाका गेल्याच्या बातमीला मी ‘अगदी बरोबर’ असं उत्तर दिलं होतं.

काका असते तर पोट धरून हसले असते, आणि गावातल्या पुढच्या प्रत्येक मयताच्या टेबलावर त्यांनी हा किस्सा सांगितला असता. मयताचं टेबल म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण गेले दोन महिने माझी जी चिडचिड चालली आहे ती सगळी त्या टेबलावरून आहे.

आमच्या गावाचं नाव सांगून उपयोग नाही. ज्यांना सांगतो ते ‘म्हणजे स्टुटगार्टच ना?’ असं विचारतात आणि मी गेनाऊ म्हणून मोकळा होतो. ब्योब्लिंगेनहून बस पकडावी लागते, एवढं पुरे. आम्ही पाचसहा मराठी कुटुंबं इथं गाड्यांच्या कंपन्यांच्या आधारानं राहतो. शरदकाका मात्र आमच्या कितीतरी आधी, ऐन तरुणपणी, सांगलीकडून एका अवजारं बनवणाऱ्या कारखान्यात आले, हिल्डाकाकूंशी लग्न केलं आणि इथलेच झाले. इथल्या जुन्या घरांना अजून कधीकाळच्या रहिवाशांची नावं आहेत. ‘लोहाराकडे’ म्हणतात तिथं आता दंतवैद्य राहतो आणि ‘विधवेकडे’ म्हणतात तिथं तीन विद्यार्थी बिअर पितात. ह्या प्रत्येक घरातलं कोण कुणावर रुसलं, कोण अमेरिकेला जाऊन पोपट घेऊन परत आला, कुणी चर्चच्या घंटेच्या दोरीला दारू पिऊन लोंबकळायचं धाडस केलं, हे काकांना तोंडपाठ. गावाच्या इतिहासमंडळाची फेरी निघाली की पुढे मंडळाचे अध्यक्ष चालायचे आणि मागून काका बोलायचे. हळूहळू सगळे मागे जमायचे आणि अध्यक्ष पुढे एकटेच चालत राहायचे.

हे सगळं तुम्हाला कळतं कुठून, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “अरे लेका, इथं माणूस जिवंत असेपर्यंत फक्त गुटन मॉर्गन म्हणतो. त्याची ओळख तो मेल्यावर होते. चल दाखवतो.” आणि मला एका मयताला घेऊन गेले.

मी धुतलेला पांढराशुभ्र शर्ट घालून गेलो. मर्तिकाला पांढरं, हे आपल्या हाडात बसलेलं. दफनभूमीत सगळे काळ्या कोटात आणि मधोमध मी, दूधवाला. दफन आटोपल्यावर ही सगळी मंडळी शांतपणे चौकातल्या गास्टहाउसमध्ये गेली. तिथं लांबच लांब टेबलं मांडलेली, कॉफी, हेफेत्सोप्फ नावाचा वेणीसारखा विणलेला गोडसर पाव, बटाट्याचं सॅलड. मी दारात घुटमळत होतो तोच एका आजींनी माझा पांढरा शर्ट पाहून रिकामी किटली माझ्या हातात दिली. आता ‘मी वेटर नाही’ हे जर्मनमध्ये म्हणायला माझ्याकडे वाक्य तयार होतं, पण प्रसंग दुःखाचा. मी आत गेलो, किटली भरून आणली आणि मग कुणी थांबूच देईना. दोन टेबलांना कॉफी वाढून मी काकांपर्यंत पोचलो तेव्हा ते म्हणाले, “थोडं दूध पण आण.”

पण त्या किटलीमुळे मी सगळं ऐकलं. पहिल्या कपाला सगळे गप्प असतात. दुसऱ्या कपाला कुणीतरी गेलेल्या माणसाचा एक किस्सा सांगतो, मग दुसरा त्यात दुरुस्ती करतो, मग तिसरा म्हणतो की तुम्हा दोघांनाही खरं काय झालं ते ठाऊक नाही... आणि बघता बघता मयताला आलेली माणसं डोळे पुसत हसायला लागतात. माझ्या अंगावर काटा आला. बायकोसमोर नवऱ्याच्या फजित्या सांगतात, तेही माती ओली असताना? काका म्हणाले, हाच इथला विधी आहे, बाकी सगळी खणाखणी. आणि एक नियम आहे म्हणाले: त्या दिवशी त्या माणसाबद्दल सगळं बोलून घ्यायचं. नंतर पुन्हा टेबल मांडत नाहीत.

मी मग काकांच्याच मागे लागलो. एवढं डोक्यात घेऊन बसलाय, रेकॉर्ड करू या. ते नाही म्हणायचे. “लिहून ठेवलं की माणसं विसरायला मोकळी होतात.” एकदा मी त्यांच्या नकळत फोन जाकिटाच्या खिशात चालू ठेवून पूर्ण फेरी त्यांच्याबरोबर चाललो. घरी येऊन ऐकलं तर पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्याच जाकिटाची खसखस, मध्येच एकदा काकांचं “आणि इथं तर...” आणि पुन्हा खसखस. आज त्यांच्या आवाजाचं एवढंच माझ्याकडे आहे. ‘आणि इथं तर’. काय होतं इथं, काका? स्वतःबद्दल तर विचारायचीच सोय नव्हती. सांगलीचा विषय काढला की ते पाव घ्या म्हणायचे. दुसऱ्यांच्या पणज्यांची लफडी ज्या माणसाला पाठ, त्याच्या आईचं नाव मला ठाऊक नाही. ह्याचा राग येतो, आणि गेलेल्या माणसावर रागावून करायचं काय, हे आपल्याकडेही कुणी शिकवत नाही.

तर काका गेले. दहन झालं, पण इथं अस्थी घरी देत नाहीत. काही आठवड्यांनी कलश दफनभूमीतच पुरायचा असतो. त्या दिवशी आम्ही सगळी मराठी कुटुंबं झाडून गेलो, ह्या खेपेला मी काळ्या कोटात. छोटासा खड्डा, छोटासा कलश, प्रत्येकानं चिमूटभर माती. पोरं जर्मनमध्ये कुजबुजत होती, त्यांना डोळ्यांनी गप्प केलं. आणि मग माझ्यातला पुणेरी जाणता पुरुष जागा झाला. मी सगळ्यांना बाजूला घेऊन सांगितलं की आता हिल्डाकाकूंना एकटं सोडा, मयताहून थेट घरी, वाटेत कुणाकडे थांबायचं नाही, आणि आधी आंघोळ. माझी बायको मेधा म्हणाली, अरे, ती माणसं चौकाकडे चालली आहेत, आपणही जायला हवं का? मी म्हटलं, त्यांची पद्धत त्यांच्यापाशी, सुतकाच्या घरचा घास आपण खायचा नाही. टेबलाचा सगळा विधी ज्याला शिकवला होता तो शहाणा मी, आणि खड्ड्यात तो कलश गेला त्या क्षणी मला फक्त माझ्या आजोळची विहीर आणि डोक्यावर ओतलेली बादली आठवली. दुसरं काही आठवलंच नाही. आम्ही चार गाड्यांतून, अत्यंत संयमानं, निघून गेलो. संध्याकाळी मेधानं रीतीप्रमाणे पिठलं-भात केला, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही. काकूंची बेल वाजवली, दार उघडलं नाही, झोपल्या असतील म्हणून डबा कडीला अडकवून आलो. त्या झोपल्या नव्हत्या. त्या अजून गास्टहाउसमध्ये बसल्या होत्या. आमची वाट बघत.

हे मला पुढच्या आठवड्यात कळलं, डबा आणायला गेलो तेव्हा. डबा घासून, पुसून, टेबलावर ठेवलेला. काकूंनी बस म्हटलं नाही. इथं बटाट्याचं सॅलड मांसाच्या रश्श्यात कालवतात, म्हणून त्यांनी गास्टहाउसच्या मालकिणीला आमच्यापुरतं वेगळं, भाज्यांच्या पाण्यातलं करायला लावलं होतं. खिडकीजवळचं लांब टेबल आमच्यासाठी राखलं होतं. गावानं सगळं सांगून झालं, म्हणाल्या, हसून झालं, रडून झालं, आणि मग सगळे त्या रिकाम्या टेबलाकडे बघत बसले.

“तो इथं आला त्याच्या आधीचं मला काही माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, त्या दिवशी तुम्ही सांगाल.”

मी गेनाऊ म्हणालो नाही, एवढीच काय ती प्रगती. सांगणार काय होतो? आम्हाला तरी कुठं माहीत होतं? त्यांना वाटत होतं सांगलीचा शरद आमच्यापाशी आहे, आम्हाला वाटत होतं काकांचं सगळं त्या गावापाशी आहे. गावानं आपल्यापाशी असलेला अर्धा शरद त्या दिवशी टेबलावर मांडला, आणि मी तेव्हा शॅम्पू लावत होतो.

मग मी घोळ निस्तरायला निघालो, म्हणजे वाढवायला. कलश पुरून महिना झाला त्या तिथीला तेच गास्टहाउस ठरवलं, तीच माणसं बोलावली, तेच सॅलड. सगळे मिनिटाला हजर. जेवले. हवा, गुडघे, बसच्या फेऱ्या कमी झाल्या, ह्यावर बोलले. मी दर दहा मिनिटांनी शरदकाकांचं नाव काढायचो आणि ते म्हणायचे, हो, चांगला माणूस होता. की पुन्हा गुडघे. हिल्डाकाकू रुमालाची घडी घालत होत्या आणि उलगडत होत्या. शेवटी मी मालकिणीला स्वयंपाकघराच्या दारात गाठून विचारलं की हे बोलत का नाहीत. तिनं माझ्याकडे पोराकडे बघावं तसं पाहिलं. “बोलून झालंय हो ते. त्या दिवशी. तुम्ही नव्हतात.”

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एक बाई, फ्राऊ र्‍योम गेल्या. माझी त्यांची ओळख एवढीच की रविवारी, म्हणजे आवाज करायला बंदी असते त्या दिवशी, काचेच्या बाटल्या कुंडीत टाकल्याबद्दल त्यांनी मला दोनदा झापलं होतं. तरी मी गेलो. मेधाही आली, आंघोळीचं नंतर बघू म्हणाली. हिल्डाकाकू समोरच्या बाजूला बसल्या होत्या. दुसऱ्या कपाला मला कुणीतरी विचारलं, तुझं काय? मी बाटल्यांचं सांगितलं, कसं त्यांनी खिडकीतून माझ्या सगळ्या देशाला शिस्त लावली ते, आणि लोक हसले, आणि मी ज्या जर्मनमध्ये सांगितलं त्यावर जास्त हसले. मग फ्राऊ र्‍योमच्या वृद्ध बहिणीनं सांगायला घेतलं. पूर्वी गावाची सामायिक पावभट्टी होती, आणि पाळ्या लावायचं काम फ्राऊ र्‍योमकडे होतं. एका शनिवारी तो नवा काळा पोरगा, शरद, कागदात गुंडाळून एक जांभळी भाजी घेऊन आला. ती त्यानं स्टुटगार्टला इटालियन माणसाकडून मिळवली होती. पाव निघाल्यावर निखारे राहतात, त्यात मला ही भाजू द्या म्हणाला. सगळ्या बायका नाही म्हणाल्या, वास लागेल भट्टीला. फ्राऊ र्‍योम म्हणाल्या, भाज. त्यानं ती अशी काळी जाळली की बायकांना वाटलं बिचाऱ्याला स्वयंपाक येत नाही. मग तो भट्टीच्या तोंडाशी उकिडवा बसून हातांनी साल काढत राहिला आणि रडत राहिला. “धूर गेला का रे डोळ्यांत, असं आमच्या बहिणीनं विचारलं,” म्हातारी म्हणाली. “तो म्हणाला, हो, धूर. त्या दिवसापासून शनिवारची शेवटची पाळी त्याची. आमच्या बहिणीनं कुणाला घेऊ दिली नाही.”

काकांना भरीत आवडायचं... एवढ्या वर्षांत आमच्याकडे कितीदा जेवले असतील, मेधा त्यांना पनीर करून घालायची. मी समोर पाहिलं. हिल्डाकाकूंनी कप खाली ठेवला होता. “हे मला माहीत नव्हतं,” त्या म्हणाल्या.

मी लगेच पुढे सरसावलो. आणखी? आणखी काय? शेजारी बसलेले हेर लाँग, म्हणजे लाँगसाहेब, काकांचे कारखान्यातले जुने सोबती, काठीवर दोन्ही हात ठेवून मान डोलवत होते. म्हणाले, शरदची एक माझ्याकडेही आहे, कारखान्यातल्या पहिल्या हिवाळ्याची, फार छान आहे. पण आज नाही. आज फ्राऊ र्‍योमचा दिवस आहे.

“मग कधी?” मी विचारलं.

“पुढच्या वेळी,” ते म्हणाले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. बराच वेळ खोकत राहिले.

पुढच्या वेळी म्हणजे कुणाच्या, हे विचारायची माझी छाती झाली नाही. खोकल्याचं औषध वेळेवर घेताय ना, एवढंच विचारलं.