जो जागला त्याची सही

बाई पेशंटला सकाळी ‘झोप लागली का?’ असे कधीच विचारत नसत. त्या विचारत, ‘झोपलात असं तुम्हाला वाटतंय का?’ उत्तर काहीही आले तरी त्यांचा शेरा ठरलेला असे: ‘बरं. बघू आता खरं काय ते.’ मग डोक्यावर चिकटवलेल्या तारा कोमट पाण्याने सोडवायला घेत. स्वतःच्या झोपेबद्दल माणसाची साक्ष ग्राह्य धरायची नाही, हा त्यांच्या शास्त्राचा पहिला नियम होता. साक्ष फक्त जागणाऱ्याची.

बिबवेवाडीत त्यांच्या सोसायटीतले लोक त्यांना ‘झोपेच्या बाई’ म्हणत. रुग्णालयात आम्ही नुसते ‘बाई’ म्हणत असू. झोपेत श्वास अडकणारे, झोपेत चालणारे, दिवसा गाडी चालवताना डुलकी घेणारे असे लोक आमच्या विभागात एका रात्रीपुरते दाखल होत. त्यांच्या डोक्याला, छातीला, पायांना तारा जोडायच्या, रात्रभर शेजारच्या खोलीत बसून स्क्रीन पाहायची आणि सकाळी त्या रेकॉर्डिंगचे एकेक पान वाचून झोपेचा हिशेब मांडायचा, हे आमचे काम. डॉक्टरांचे निदान या हिशेबावर उभे राहते. मी न्यूरो-तंत्रज्ञानातली पदवी घेऊन तिथे रुजू झाले तेव्हा बाई मुख्य तंत्रज्ञ होत्या. त्यांच्याकडे पदवी नव्हती. बारावी विज्ञान, हृदयाचे आलेख काढण्याचा एक जुना प्रमाणपत्र कोर्स आणि मग हाताखाली शिकत शिकत इथवर.

नम्रता नावाचा पदार्थ त्यांच्याकडे नव्हता, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. पहिल्या दिवशी त्यांनी मला खुर्चीत बसवले, शिंप्यासारखी गळ्यातली टेप काढली, माझ्या डोक्याचे माप घेतले आणि पेन्सिलने खुणा करत म्हणाल्या, ‘डिग्री इथे आत असते म्हणतात. मला तरी अजून सापडलेली नाही, पण तार कुठे लावायची ते सापडलंय.’ मी हसले नाही. त्याही हसल्या नाहीत. आमचे जमले ते तिथून.

तपासणीला येताना केस धुऊन यावेत आणि तेल लावू नये, अशी सूचना आम्ही प्रत्येकाला देतो. तेलकट डोक्यावर तार टिकत नाही. तरीही दर आठवड्याला कोणीतरी चपचपीत तेल थापून येईच, कारण घरच्या माणसाला वाटे, आज झोपेची परीक्षा आहे, तर आज तरी छान झोप लागो. एका आजोबांच्या सुनेने तर आपल्या हाताने मालिश करून त्यांना आणले होते. बाईंनी त्यांना पुन्हा केस धुवायला लावले आणि सुनेला शांतपणे सांगितले, ‘प्रेम उद्या करा. आज मला तुमचे सासरे जसे आहेत तसे हवेत.’ हे वाक्य मी पुढे अनेक ठिकाणी वापरले आहे. बहुतेक ठिकाणी ते लागू पडते.

घोरण्यावरून भांडत येणारी जोडपी हा त्यांचा आवडता वर्ग. सदाशिव पेठेतले एक निवृत्त शिक्षक ‘मी घोरतच नाही’ यावर अडून बसले होते आणि त्यांच्या पत्नी मोबाइलमधले रेकॉर्डिंग पुराव्यादाखल वाजवून दाखवत होत्या. ते म्हणाले, हा आवाज कोणाचाही असू शकतो. बाई म्हणाल्या, ‘अहो सर, वर्गात झोपलेल्या मुलाला तुम्ही कधी विचारलंत का, बाळ, झोपला होतास का? मग?’ सरांनी मुकाट्याने तारा लावायला डोके पुढे केले.

मात्र एका गोष्टीत बाई विनोद चालवून घेत नसत, ती म्हणजे सही. आमच्या अहवालाखाली तंत्रज्ञाची सही असे, आणि विभागाचा अलिखित कायदा होता: जो जागला त्याची सही. ज्याने तारा लावल्या, रेकॉर्डिंग डोळ्यांनी पाहिले आणि सकाळी वाचले, त्यानेच खाली नाव लिहायचे. कोणी अर्ध्या रात्री बदली आला तर दोघांची नावे. डॉक्टरांनी एकदा घाईत सुचवले की रात्री जागलेली तंत्रज्ञ आज रजेवर आहे, सही तुम्हीच करून टाका. बाईंनी पेन खाली ठेवले आणि पेशंटला एक दिवस थांबवले.

या हट्टाचे कारण मला नंतर कळले. स्वारगेट आगारातला एक एसटी चालक आमच्याकडे आला होता. दिवसा डोळे मिटतात, अशी त्याची तक्रार होती. त्याच्याकडे दुसऱ्या कुठल्याशा केंद्राचा अहवाल होता: सर्व ठीक. त्या केंद्राने घरी यंत्र पाठवले होते. ते लावून त्यांचा माणूस निघून गेला, बाकी सगळे सॉफ्टवेअरने केले. बाईंनी मूळ रेकॉर्डिंग मागवले आणि मला शेजारी बसवून पान पान वाचले. चालक बराच वेळ जागाच होता. तारांच्या जाचाने त्याला झोप आली नव्हती. पण यंत्राने तो जागेपणाचा काळही झोपेत धरला, अडकलेले श्वास त्या सगळ्या तासांत वाटून टाकले, आणि भागाकार सुंदर आला: तासाला अडकणारे श्वास अगदी थोडे. खाली सही मात्र होती. बाईंनी त्या केंद्राला फोन लावला. सही करणाऱ्याने रेकॉर्डिंग उघडलेसुद्धा नव्हते. तो म्हणाला, त्याने फक्त सही केली आहे. ‘फक्त,’ बाई फोन ठेवून म्हणाल्या. ‘या माणसाच्या मागे गाडीभर लोक बसतात. आणि हा म्हणतो, फक्त.’

आमच्याकडे पुन्हा तपासणी झाली, आजार निघाला, चालकावर उपचार सुरू झाले. बाईंच्या मनातून मात्र तो शब्द गेला नाही. या कामाला परवाना हवा, राज्याची नोंदणी हवी, परीक्षा हवी, हे त्या तेव्हापासून ज्याला त्याला सांगू लागल्या. केस कापायच्या दुकानाला परवाना लागतो आणि मेंदूला तार लावायला काहीच नाही, हे त्यांचे वाक्य रुग्णालयाच्या उपाहारगृहापर्यंत पोहोचले होते.

त्या नेहमी बरोबर असत, असा समज मला पसरवायचा नाही. श्वास अर्धवट कमी होण्याच्या घटना कशा मोजायच्या याचे निकष बदलले होते आणि बाई जुन्याच निकषाने मोजत होत्या. मी ते दाखवून दिले. त्यांनी दिवसभर माझ्याशी कामापुरतेही बोलणे टाळले. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या काळातली सगळी रेकॉर्डिंग पुन्हा उघडली, जिथे निष्कर्ष बदलत होता तिथे सुधारित अहवाल स्वतः डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवले, आणि परत येऊन मला म्हणाल्या, ‘कळलं का परीक्षा कशाला हवी ते? माझ्यासारख्यांसाठीच. अनुभवाला बुरशी लागते, ती आतून दिसत नाही.’ आभार मानले नाहीत. मी अपेक्षाही केली नव्हती.

त्यांच्या घरी मी दोनदा गेले. वडील एसटीच्या कार्यशाळेत होते. भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर होती आणि तिच्याखाली पुस्तकांचे कपाट, तसबिरीपेक्षा कितीतरी मोठे. आईने चहा देता देता सांगितले की लहानपणी शाळेतल्या एका बाईंनी हिला दया येऊन दोन गुण वाढवून दिले, तर ही ते परत करायला गेली होती. बाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, ‘आई, ती गोष्ट पुरे.’ पण मग बाहेर येऊन स्वतःच म्हणाल्या, ‘आमच्या घरात दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिकवतात. हक्क आणि मेहेरबानी. हक्क सोडायचा नाही. मेहेरबानी घ्यायची नाही.’

मग एकदाचा नियमांचा मसुदा आला. झोपेच्या तपासणीचे तंत्रज्ञ राज्याच्या परिषदेकडे नोंदणीकृत असावेत, असे त्यात होते. बाईंनी विभागात पेढे वाटले. संध्याकाळी मी मसुदा पूर्ण वाचला. नोंदणी पदवीधरांनाच होती. पदवी नसलेल्या जुन्या लोकांना रुग्णालयाच्या अनुभवपत्रावर ‘सहायक’ म्हणून ठेवता येणार होते. सहायकाला काम करता येईल, सही करता येणार नाही. मी हे बाईंना सांगितले तेव्हा त्यांच्या हातात उरलेल्या पेढ्यांचा पुडा होता. त्यांनी तो नीट बांधला. ‘हरकती कुठे पाठवायच्या असतात?’ एवढेच विचारले.

सुनावणीला मीही गेले. सभागृहात दोन गट होते. एका बाजूला माझ्यासारखे पदवीधर, त्यांना जुन्या लोकांची अडगळ नको होती. दुसऱ्या बाजूला जुने लोक, त्यांना अनुभवावर सरसकट नोंदणी हवी होती. बाई उठल्या तेव्हा दुसऱ्या गटाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या फार टिकल्या नाहीत.

‘मला सूट नको,’ त्या म्हणाल्या. ‘सहायकही नको आणि सरसकट नोंदणीही नको. परीक्षा घ्या. डिग्रीवाल्यांची घ्या, आमचीही घ्या, एकच घ्या. पेशंटसमोर उभं करून घ्या. मी नापास झाले तर पुन्हा तारेला हात लावणार नाही.’

समितीतले एक सद्गृहस्थ समजुतीच्या स्वरात म्हणाले, ‘अहो बाई, तुमच्यासाठी वाट काढली आहे ना आम्ही?’

‘वाट नाही काढलीत. मागचं दार दाखवलंत. मी पुढच्या दाराने येईन, नाहीतर बाहेर उभी राहीन. पण बाहेर उभी राहून दार वाजवत राहीन, एवढं लिहून घ्या.’

ते लिहून घेतले गेले की नाही मला माहीत नाही. जुन्या लोकांनी जाताना त्यांच्याकडे पाहिले नाही, पदवीधरांनीही नाही. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी नावडते होण्याचा मान मी त्या दिवशी प्रथमच जवळून पाहिला, आणि तो मला हेवा वाटावा इतका शोभून दिसला.

नियम आले ते मसुद्यासारखेच. परीक्षेचा उल्लेख नव्हता. रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी आम्हा दोघींना बोलावले. त्यांची योजना साधी होती. बाई पूर्वीसारखेच सगळे करतील, नोंदणी माझी आहे म्हणून सही मी करेन, आणि मुख्य तंत्रज्ञाचे पद मला मिळेल. ‘मॅडम, हे फक्त कागदावर,’ ते बाईंना म्हणाले. ‘मान तुमचा तोच राहील.’

तो शब्द पुन्हा ऐकून बाईंनी माझ्याकडे पाहिले. मग त्यांना विचारले, ‘कागदावर नसलेला मान कुठे ठेवायचा असतो? ड्रॉवरमध्ये?’

मला ते पद हवे होते. आजही त्याबद्दल मला संकोच नाही; मी त्यासाठीच शिकले आहे. पण दुसऱ्या दिवशी बाईंनी केलेल्या तपासणीचा अहवाल माझ्यासमोर सहीसाठी आला, तेव्हा मी त्याखाली लिहिले: ‘हे रेकॉर्डिंग मी पाहिलेले नाही.’ आणि त्या वाक्याखाली, स्वच्छ अक्षरात, क्रमांकासह सही केली. अहवाल परत आला. मी तो तसाच पुन्हा पाठवला. व्यवस्थापक चिडले, डॉक्टर मध्ये पडले, आणि शेवटी पद मला मिळाले ते माझ्या अटीवर: मी जागेन तिथेच सही करेन. तपासण्यांची संख्या घटली. ती घटायलाच हवी होती.

बाईंनी राजीनामा दिला. निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही. आपली मापाची टेप मात्र टेबलावरच ठेवून गेल्या, आणि मी ती मागे पळत जाऊन देऊ केली तेव्हा म्हणाल्या, ‘राहू दे. बुधवार पेठेत नवीन मिळते. ही डोकी ओळखते.’ पुढे काय करणार, असे मी विचारले. ‘परीक्षा डिग्रीच्या आत दडवून ठेवलीय ना त्यांनी? मग तिथे जाऊन देते.’

मला तो टोमणा वाटला. तो बेत होता. पन्नाशी उलटलेल्या बाईंनी पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. वर्गातली मुले त्यांना आधी शिक्षिका समजून उभी राहिली होती. परिषदेलाही त्या दर महिन्याला परीक्षेच्या मागणीचे पत्र पाठवतात. उत्तर आलेले नाही. दार वाजवणे चालू आहे.

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. मागे स्वारगेटच्या बसचा गोंगाट होता.

‘निकाल लागला. बायोकेमिस्ट्रीत नापास.’

मी सांत्वनाचे काही बोलू लागले, तर त्यांनी मला तोडले. ‘अगं, सुतक कसलं पाळतेस? नापास करते म्हणजे खरी परीक्षा आहे. इतकी वर्षं कोणी मला तपासलंच नव्हतं. आता तपासलं. पुन्हा बसते.’ मग म्हणाल्या, ‘तोवर माझी खुर्ची सांभाळ. मी आले की उठायचं.’

टेप माझ्या गळ्यात होती.

‘उठणार नाही, बाई,’ मी म्हणाले. ‘तुम्ही पास व्हा, नोंदणी करा आणि अर्ज करा. मीही करेन. जी चांगली ठरेल ती बसेल.’

‘हं,’ बाई म्हणाल्या. ‘शिकलीस.’