सातव्या शर्टाची बाही

आधीच सांगून टाकतो... भूतखेत, आत्मे, संकेत, स्वप्नात येऊन कोणी काही सांगणं — यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. आता गंमत अशी, की हे घडलं तेव्हा मी मिशनरी होतो. हो, पांढरा शर्ट, काळा टाय, तसला. तुम्ही म्हणाल, देवाच्या नावाने दोन वर्षं घालवणारा माणूस कशावरही विश्वास ठेवेल! नाही हो. देव वेगळा आणि असल्या गोष्टी वेगळ्या, असं माझं स्पष्ट मत होतं. शिवाय मी बी.एस्सी. फिजिक्स. हॉस्टेलमध्ये कोणी ‘अनुभव’ सांगायला लागला की त्याची रेवडी उडवण्यात मी पुढे. तुम्ही आता माझी उडवलीत तरी मला राग येणार नाही. येईल खरं तर, मी तापट आहे. पण ऐका.

आमचं घर नगरचं. चार पिढ्यांचं ख्रिस्ती, पणजोबांपासून सगळे एकाच देवळात जाणारे. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. मी नऊ वर्षांचा असताना आई गेली. घरात पप्पा, मोठी बहीण रूथताई आणि मी. पप्पा टेलर, घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. ‘माझा डोळा हाच टेप,’ असं म्हणायचे. दारातून आत येणाऱ्या माणसाची कॉलर ते बसल्या जागेवरून सांगत, आणि कधी चुकत नसत.

पुण्यात कॉलेजला असताना मी मॉर्मन लोकांच्या चर्चमध्ये जायला लागलो आणि तिथलाच झालो. त्यांच्यात तरुण पोरं घरदार सोडून दोन वर्षं, सांगतील त्या देशात, सेवेला जातात. मला दुबई आली.

पप्पांनी एवढंच विचारलं, “आपल्या देवळात काय कमी होतं रे?”

मी एकवीस वर्षांचा, तोंडाळ. म्हणालो, “तुम्ही तिथे देवासाठी जाता, की आजोबांच्या बाकासाठी?”

झालं. त्या दिवसापासून पप्पा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. निघायच्या सकाळी ते दुकानातून उठलेसुद्धा नाहीत. दुबईत येऊन बॅग उघडली तर वर सहा पांढरे शर्ट. नवे कोरे, इस्त्री केलेले, कॉलर साडेपंधरा. चिठ्ठी नाही, काही नाही. मी ते बघून रडलो नाही, उलट चिडलो. म्हटलं, शर्ट शिवता येतो आणि दोन शब्द बोलता येत नाहीत?

तिथलं आमचं आयुष्य म्हणजे घड्याळाला बांधलेलं. आम्ही राहायचो करामा भागात, जुन्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर. सकाळी साडेसहाला उठायचं, प्रार्थना, अभ्यास, मग बाहेर. मोबाइल कामापुरता. नेहमी दोघांनी राहायचं, एकट्याने खाली दूध आणायलासुद्धा जायचं नाही. आणि चहा बंद! नगरचा माणूस आणि चहा बंद, म्हणजे विचार करा. खालच्या कॅफेटेरियातला मलबारी रोज हाक मारायचा, “हबीबी, एक दिरहम का कडक चाय, तू पीता क्यों नहीं?” एक दिरहम म्हणजे तेवीस-चोवीस रुपये... मी नाक दाबून पुढे जायचो.

तिथे धर्माबद्दल रस्त्यात कोणाशी बोलायला परवानगी नाही. दारं वाजवायची नाहीत, पत्रकं वाटायची नाहीत. म्हणून आमचं काम म्हणजे आमच्याच चर्चमधल्या लोकांच्या घरी जाणं, कोणाचं सामान हलवून देणं, आजाऱ्याला भेटणं. एकमेकांना आडनावाने हाक मारायची, पुढे ‘एल्डर’ लावून. तिथे दोन वर्षं मला माझ्या नावाने कोणी हाक मारली नाही.

माझा जोडीदार होता एल्डर हॅन्सन. अमेरिकेतल्या बटाट्याच्या शेतावरचा, एकोणीस वर्षांचा, चेहराभर तपकिरी ठिपके. भाबडा इतका, की खोटं बोलायला गेला तर कान लाल व्हायचे. मला ‘साल्वे’ म्हणायचा. ‘साळवे’ म्हणायला मी त्याला महिनाभर शिकवलं. जीभ वळवून वळवून बिचाऱ्याच्या तोंडाला फेस आला, पण ‘ळ’ काही निघाला नाही. शेवटी मीच म्हटलं, “खलास, साल्वे तर साल्वे.”

आठवड्यातून एक दिवस सुट्टी, सोमवार. कपडे धुवायचे, इस्त्री करायची आणि घरी व्हिडिओ कॉल. मी तापट असलो तरी सोमवार कधी चुकवला नाही. ताई शाळेतून येऊन दुकानातच बसायची, म्हणून तिच्या मागून पप्पांच्या पायमशीनचा आवाज यायचा... खडखडखड. मी “हॅलो ताई” म्हटलं, की मशीन थांबायचं. दर वेळी. कॉल संपेपर्यंत पुन्हा आवाज नाही. मला वाटायचं, उठून गेले आत. माझा आवाजसुद्धा नको झालाय म्हाताऱ्याला. मीही मग मुद्दाम मोठ्याने हसायचो.

वीस महिने झाले असतील, तेव्हा एका सोमवारी ताई म्हणाली, “पप्पांच्या छातीत दुखतंय रे. डॉक्टर म्हणतात जपा. येऊन जा ना दोन दिवस.”

आमच्या वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, “जाऊन ये, कोणी अडवणार नाही.” पण माझी अक्कल बघा. मी ताईला म्हणालो, “पप्पांनी स्वतः ‘ये’ म्हणू दे. एकदा. लगेच येतो.”

“ते नाही म्हणणार. तू ओळखतोस त्यांना.”

“मग चार महिने राहिलेत, संपवूनच येतो.”

ताईने “बरं” म्हणून कॉल संपवला. मशीन तर बंदच होतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, बुधवारी, आम्ही एका सरकारी हॉस्पिटलमध्ये गेलो होतो. आमच्या चर्चमधल्या एका फिलिपिनो ब्रदरचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. आमच्यात आजाऱ्याला आशीर्वाद देतात, त्याची पद्धत ठरलेली आहे. दोघं लागतात. एक जण त्याचं पूर्ण नाव घेऊन डोक्यावर ऑलिव्ह तेलाचा थेंब लावतो. मग दोघांनी डोक्यावर हात ठेवायचे आणि दुसऱ्याने पुन्हा पूर्ण नाव घेऊन प्रार्थना म्हणायची. ती पाठ केलेली नसते, सुचेल ते बोलायचं. पण नाव महत्त्वाचं. तेलाची बोटभर डबी माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यालाच असायची.

ते आटपून निघालो, तर खिडकीजवळच्या खाटेवरून हाक आली, “भाऊ, मराठी काय?”

गंगाराम गावडे, कणकवलीचे. बांधकामाच्या साइटवर परांचीवरून पडून पाय मोडलेला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं आणि माणूस पार घाबरलेला. म्हणाले, “माका पण लावा हो ता तेल.”

मी म्हटलं, “काका, हे आमच्या चर्चचं असतं, तुम्हाला चालेल का?”

“तेलाक खंयची जात? लाव तू.”

मी वॉर्डच्या नर्सला विचारलं, ती हो म्हणाली. हॅन्सनने नाव विचारून घेतलं. ‘गंगाराम सखाराम गावडे’ असं तीन-चार वेळा घोकलं, बिचाऱ्याने हातावर लिहूनसुद्धा घेतलं. मी तेल लावलं, नाव घेतलं. मग आम्ही दोघांनी डोक्यावर हात ठेवले. हॅन्सनने डोळे मिटले... आणि गप्पच. चांगलं अर्धं मिनिट. मी एक डोळा उघडून पाहिलं. समोर भिंतीवरच्या घड्याळात तीन चाळीस झाले होते.

मग तो बोलला, “शांतवन दौलत साळवे.”

माझ्या वडिलांचं नाव. ‘साळवे’ म्हणाला तो. ‘ळ’ म्हणाला! स्वच्छ, नगरचा माणूस म्हणेल तसा.

पुढचं तो इंग्रजीत बोलला, ते मराठीत सांगतो. शब्द मी त्याच दिवशी डायरीत लिहून ठेवलेत, पदरचं काही घालत नाही. “तुमचं काम झालं आहे. पायांना आता विश्रांती द्या. बाही राहिली आहे, ती राहू द्या. मुलाकडे शर्ट आहेत. तो तुमच्यावर रागावलेला नाही.” आणि आमेन.

हॅन्सनने डोळे उघडले, गावड्यांकडे बघून हसला. त्याच्या लेखी सगळं व्यवस्थित झालं होतं. गावडे मात्र माझ्याकडे बघत होते.

“तुझो सायब काय बोललो ता माका कळाक नाय. पण नाव माझा नाय घेतल्यान. शांतवन कोण?”

मी हॅन्सनला दंडाला धरून बाहेर कॉरिडॉरमध्ये आणलं आणि असा काही झापला, की दोन नर्सेस धावत आल्या. “माझी डायरी वाचतोस? माझ्या बापावरून चेष्टा करतोस?” तो रडायच्या बेतात. “मी गंगाराम म्हणालो, साल्वे. शपथेवर सांगतो, गंगारामच म्हणालो.” कान बघितले मी त्याचे. लाल नव्हते. वर बाही कसली, शर्ट कसले, हे त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. शेवटी सिक्युरिटीवाला आला, “यल्ला यल्ला, टाइम खलास,” म्हणत त्याने आम्हाला लिफ्टमध्ये घातलं.

संध्याकाळी सहाला आमचे वरिष्ठ स्वतः करामाला आले. त्यांना दारात बघितलं आणि मला कळलं. मी त्यांना बोलू दिलं नाही, ताईला फोन लावला.

शेजारचे पानवाले काका रोज पाचनंतर पप्पांसाठी चहा घेऊन येत. त्या दिवशी आले, तर पप्पा मशीनवर डोकं टेकून बसलेले. त्यांना वाटलं, डुलकी लागली. सव्वापाच झाले होते. तिथले सव्वापाच म्हणजे दुबईत पावणेचार.

मी ताईला विचारलं, “मशीनवर काय होतं?”

“काय?”

“मशीनवर काय शिवत होते ते?”

“पांढरा शर्ट आहे. ऑर्डरच्या वहीत कोणाचाच पांढरा नाही. एक बाही जोडलीये. दुसरी सुईखाली तशीच आहे... आशू, तुला कसं कळलं?”

दिवसभर ‘एल्डर साळवे’ असलेल्या मला तिने माझ्या नावाने हाक मारली, आणि मी फोन तसाच वरिष्ठांच्या हातात दिला.

मी जाऊ शकलो नाही. माझा पासपोर्ट नेमका रिन्यूअलला दिलेला, हातात यायला दोन दिवस लागणार, आणि दफन दुसऱ्या दिवशी सकाळी. तीन आठवड्यांपूर्वी तोच पासपोर्ट माझ्या खिशात होता, हे मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. दफन मी करामातल्या खोलीत मोबाइलवर पाहिलं. हॅन्सन शेजारी उभा होता, पूर्ण वेळ, टाय लावून. त्याने माझ्यासाठी माझाही शर्ट इस्त्री करून ठेवला होता. सहातला एक.

आता तुमच्यातले हुशार लोक विचारतील, म्हणून मीच सांगतो. पासपोर्टच्या फॉर्मवर वडिलांचं पूर्ण नाव होतं आणि तो फॉर्म आठवडाभर आमच्या टेबलावर पडलेला. तिथून हॅन्सनच्या डोक्यात बसलं असेल, मान्य. पण फॉर्म इंग्रजीत, त्याच्यात ‘ळ’ कुठून आणणार? बरं, तेही सोडा. बाही? ती तर घरात ताईलाही माहीत नव्हती. गावडे बरे होऊन गावी गेले, त्यांना अजून फोन करतो. ते अजून म्हणतात, नाव माझा नाय घेतल्यान.

सव्वातीन महिन्यांनी, सेवा संपवून घरी आलो. ताईने तो शर्ट तसाच घडी करून ठेवला होता. मी अंगात घातला, एका बाहीचा. कॉलर पंधरा. चपखल बसली. जुने सहा शर्ट तोवर मला गळ्यात ढगळ व्हायला लागले होते... तिथे मी चांगलाच वाळलो होतो, पण हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

“ताई, पप्पांना माझं माप कोणी दिलं?”

ती उठली. आतून मापाची वही घेऊन आली. माझ्या नावाचं पान होतं. त्यावर पप्पांच्या अक्षरात दर सोमवारची तारीख आणि पुढे माप. कॉलर साडेपंधरा. साडेपंधरा. सव्वापंधरा. खांदा, छाती, सगळं. शेवटच्या सोमवारी लिहिलं होतं — ‘कॉलर १५. पोरगं नीट जेवत नाही.’

“तू हॅलो म्हणालास की उठायचे,” ताई म्हणाली, “आणि माझ्या मागे, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे उभे राहायचे. कॉल संपेपर्यंत. मला शपथ घातली होती, सांगायचं नाही म्हणून.”

वीस महिने मला वाटत होतं की मशीन थांबलं म्हणजे ते निघून गेले. आणि मी मोठमोठ्याने हसत होतो. त्या दिवशी मी दुकानात बसून जसा रडलो, तसा आईच्या वेळीसुद्धा रडलो नव्हतो.

हॅन्सनच्या तोंडून ते शब्द कसे आले, याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही. आमच्या चर्चमधले एक सांगतात, देवळातले पाळकसाहेब दुसरं सांगतात, फिजिक्सवाले मित्र तिसरं. मी सगळ्यांचं ऐकून घेतो.

शर्ट माझ्याकडे आहे. ताई म्हणते, दुसऱ्या टेलरकडून बाही लावून घे, घालता तरी येईल. मी नाही लावत. ती राहू द्या, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, आणि जन्मभर कोणाचं न ऐकणाऱ्या माझ्या बापाने त्या दिवशी ऐकलं. सांगितलं कोणी, ते मला माहीत नाही.