पोकळ बघणारा बाळासो

बाळासो पहिल्यांदा आला तो बंद पडलेलं घड्याळ घेऊन. रविवारी सकाळी साडेनऊची वेळ होती. राजारामपुरीतल्या शमशुद्दीनच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि आत आम्ही तिघं कोड्यावर बसलो होतो. शटरखालून वाकून आत येत त्याने विचारलं, "चालू हाय की बंद?"

"घड्याळाला बंद, माणसाला चालू," शमशुद्दीन म्हणाला. "या पावणं, बसा."

त्याचं ते आमंत्रण मला पुढे फार जड गेलं.

आमच्या कोड्याबद्दल आधी सांगतो. इथून निघणारा एक छोटा दिवाळी अंक दरवर्षी मधल्या दोन पानांवर एक मोठं चित्र छापतो आणि त्याखाली दोन-तीन ओळी. त्या चित्रात आणि ओळींत मिळून जिल्ह्यातली एक नेमकी जागा लपवलेली असते. त्या जागी संपादकांनी पितळेची एक डबी पुरलेली असते. वाचकाने घरी बसून, नकाशा बघून ती जागा ओळखायची आणि जानेवारीअखेर पत्राने कळवायची. जागेवर जाऊन खणलं तर बाद. पहिलं बरोबर उत्तर ज्याचं, त्याला संपादक तिथे नेऊन डबी काढायला लावतात आणि त्याचा फोटो छापतात. फोटोखाली एकच नाव.

आम्ही तिघं बारा वर्षं हे करत होतो. शमशुद्दीन घड्याळं दुरुस्त करतो. संयोगिता मॅडम हायस्कूलमध्ये भूगोल शिकवतात, नकाशे त्यांचे. आणि मी एका ज्युनिअर कॉलेजमध्ये हेडक्लार्क, कॉमर्सचा पदवीधर, या मे महिन्यात निवृत्त होणारा. मला सगळे भाऊसाहेब म्हणतात. मंडळाची फाईल माझी. चित्रातल्या प्रत्येक वस्तूची क्रमवार यादी, कुणी कोणता तर्क केला त्याची तारीख, बाद झालेल्या तर्कांवर लाल पेन्सिलची रेघ. नियमही मीच केला होता: कोड्याची पहिली गाठ जो सोडवेल त्याचं नाव उत्तरावर जाईल. बारा वर्षांत आम्ही तीनदा दुसरे आलो. तिन्ही वेळा नाव माझं होतं.

निवृत्त व्हायच्या आधी एकदा तरी तो फोटो माझा यावा, एवढंच मला हवं होतं. कॉलेजात फलकावर लावला असता.

तर बाळासो स्टुलावर बसला. शिरोली एमआयडीसीत पॅटर्नमेकर, म्हणजे लोखंडी भाग ओतायच्या आधी त्याचा लाकडी नमुना करणारा. मूळचा राधानगरीकडचा, वय पन्नाशीचं. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख अर्धं. अंगाला सागवानी भुशाचा वास. शमशुद्दीन घड्याळ उघडत होता तोवर त्याने काउंटरवरचं चित्र बघितलं. यंदाचं चित्र जत्रेचं होतं. पैलवान, पाळणे, म्हशी, छत्र्या, फुगेवाला. माझ्या यादीत त्रेसष्ट वस्तू झाल्या होत्या.

"हे काय हाय?" त्याने विचारलं. मॅडमनी समजावून सांगितलं. त्याने अंक उचलला, उलटा धरला, मग डोळे बारीक करून लांब धरला.

"मधी रिकामं का सोडलंय एवढं?"

"ते मैदान आहे," मी म्हणालो. "तिथे काही नाही. यादीत घेतलेलं नाही."

"न्हाय तेच बघायचं की, भाऊसाहेब. आमच्यात भरीव बघत न्हाईत, पोकळ बघत्यात. पोकळीतच लोखंड जातंय." त्याने खिशातली सुतारी पेन्सिल काढली आणि परवानगी न विचारता माणसांच्या पायांच्या कडेकडेने रिकाम्या जागेभोवती रेघ फिरवली. मग बोट टेकवलं. "ह्यो आमचा तलाव हाय. हितं धरण. हे शेपूट वर गेलंय ते पाणलोटाचं. ल्हानपणी म्हशी घेऊन हिंडलोय मी हितं."

संयोगिता मॅडमनी नकाशा उलगडला. राधानगरीचं धरण, मागे पसरलेलं पाणी. आकार हुबेहूब जुळला.

शमशुद्दीनने डोळ्यावरचं भिंग काढलं आणि जोरात काउंटरवर हात मारला. "आयला! बारा वर्षं आम्ही म्हशी मोजतोय आणि ह्यो गडी घड्याळ दुरुस्तीला येऊन तलाव काढून गेला!"

घड्याळाचे पैसे त्याने घेतले नाहीत.

त्यानंतर बाळासो दर रविवारी यायला लागला. येताना भडंग आणायचा, बायकोने केलेलं, लसूण जास्त घातलेलं. तिसऱ्या रविवारी शमशुद्दीन त्याला 'तू' म्हणायला लागला. मला 'तू' म्हणायला त्याला सहा वर्षं लागली होती. कोपऱ्यातली हातांची खुर्ची माझी होती. एकदा मी पाच मिनिटं उशिरा पोचलो तर तिच्यावर बाळासो. तो लगेच उठला, पण शमशुद्दीन म्हणाला, "बस रे, भाऊसाहेब काय परके हायत?" मी स्टुलावर बसलो. त्या दिवशी मी फाईल उघडली नाही आणि कुणी विचारलंही नाही.

खरं सांगायचं तर त्याच्यात नाव ठेवायला जागा नव्हती. तो कुणाला तोडून बोलत नसे. मॅडमचं ऐकून घ्यायचा. माझ्या याद्या बघून म्हणायचा, "अक्षर काय हाय भाऊसाहेबांचं! छापल्यागत." मला ते टोमण्यासारखं लागायचं. घरी येऊन मी बायकोला त्याच्या खोड्या सांगायचो. तिने एकदा विचारलं, "अहो, त्याने केलंय काय नेमकं?" मी म्हणालो, भडंगात लसूण फार असतो.

चित्राखालच्या ओळींत इतकंच होतं: मोकळ्या जागेच्या तोंडाशी उभा राहा, उगवतीकडे सरळ बारा किलोमीटर जा, तिथे आहे. मोकळी जागा म्हणजे तलाव, तोंड म्हणजे धरण, हे कळल्यावर पुढचं सोपं होतं. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मॅडमनी नकाशावर धरणापासून पूर्वेकडे सरळ रेघ मारली. त्या नकाशावर बारा किलोमीटर म्हणजे चोवीस सेंटिमीटर. मापायला बाळासोने खिशातून स्वतःची पट्टी काढली, पोलादी, वापरून गुळगुळीत झालेली. रेघेला लावली. चोवीसावर एका खेड्याबाहेरच्या देवळाचं चिन्ह आलं.

"देऊळ!" मॅडम म्हणाल्या. "अगदी ठिपक्यावर!"

"उत्तरावर नाव बाळासोचं," शमशुद्दीन म्हणाला. "नियम भाऊसाहेबांचाच हाय. काय भाऊसाहेब?"

"नियम आहे," मी म्हणालो.

उत्तर सुवाच्य लिहून रजिस्टर पोस्टाने पाठवायचं काम माझं. नकाशा मी बरोबर नेला. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या टेबलावर पसरला आणि सवयीने माझ्या पट्टीने मापून बघितलं. चोवीस सेंटिमीटर देवळावर येईना. जेमतेम अडीच मिलिमीटर अलीकडे पडत होतं, आणि तिथे विहिरीचा निळा ठिपका होता. मी परीक्षा विभागातली दुसरी पट्टी आणली. तीच विहीर. खूण म्हणून कर्कटकाचं टोक टोचलं.

मग लक्षात आलं. पॅटर्नमेकरची पट्टी साधी नसते. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, शंभराला एक एवढं, म्हणून लाकडी नमुना तेवढा मोठा करावा लागतो. दरवेळी गणित नको म्हणून त्यांच्या पट्टीवरचे सेंटिमीटरच मुळात मोठे पाडलेले असतात. हे मला बाळासोनेच एकदा चहा पिताना हौसेने सांगितलं होतं. आयुष्यभर तीच पट्टी खिशात, त्यामुळे नकाशावर तीच निघाली. त्याच्या हाताला ती वेगळी वाटतच नव्हती. जमिनीवर तो फरक सव्वाशे मीटरचा होत होता.

फोन समोरच होता. दोन वाक्यांत काम झालं असतं.

मी फोन केला नाही. नकाशाची घडी घातली आणि मस्टर पुढे ओढलं. मनाशी म्हणालो, आधी नीट खात्री करू. मंगळवारी म्हणालो, देऊळही असू शकेल, संपादक थोडंफार इकडेतिकडे धरत असतील. बुधवारी काही म्हणालो नाही. मला डोळ्यांसमोर तो फोटो दिसत होता, बाळासो मातीत हात घालून डबी काढतोय, शेजारी शमशुद्दीन हसतोय, आणि त्या फोटोच्या बाहेर कुठेतरी मी. गुरुवारी मी निळ्या शाईने, माझ्या छापल्यागत अक्षरात, 'देवळाच्या पायरीजवळ' असं लिहिलं आणि खाली त्याचं नाव.

शुक्रवारी पोस्टात जायला निघालो तर कॉलेजच्या फाटकाशी बाळासो उभा. कामावरून अर्धा दिवस काढून आला होता.

"भाऊसाहेब, एकदा तुम्ही मापून बघितलं न्हवं?"

"बघितलं."

"मग घोर न्हाय. तुमच्या हाताखालनं कागद गेला की झालं."

पोस्टापर्यंत तो माझ्याबरोबर चालत आला. रांगेत उभा राहिला. पावती मी घेतली.

मार्चमध्ये निकाल लागला. डबी विहिरीजवळ होती. फोटो गडहिंग्लजच्या एका निवृत्त मास्तरांचा. शमशुद्दीनने अंक काउंटरवर ठेवला तेव्हा आम्ही चौघंही होतो. बाळासोने उत्तर वाचलं, खिशातून पट्टी काढून बघितली, आणि कपाळावर हात मारला. "आयला, ही पट्टी! लोखंडाची पट्टी लावली मी नकाशाला! गाढव हाय मी." त्याने सगळं समजावून सांगितलं.

शमशुद्दीन त्याच्याकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. "भाऊसाहेब, तू मापलं नव्हतंस?"

बारा वर्षांत माझ्याकडून न तपासलेला कागद गेलेला नव्हता, हे त्या दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळांनासुद्धा माहीत होतं.

"राहून गेलं," मी म्हणालो.

बाळासोने मान वर केली. कॉलेजच्या फाटकाशी मी त्याला काय सांगितलं होतं ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. तो म्हणाला, "त्यांनी कशाला मापायचं? मापाचं काम माझं. माझी चूक." आणि भडंगाची पिशवी सोडली.

त्याने मला उघडं पाडलं असतं तर एक वेळ बरं झालं असतं. त्याने माझ्यावर पांघरूण घातलं आणि शमशुद्दीनचा हात त्याच्या खांद्यावर गेला. "जाऊ दे रे बाळ्या. तलाव कुणी काढला?" त्या खांद्यावरच्या हाताचा मला जो हेवा वाटला, तो फोटोचाही वाटला नव्हता.

पंधरा दिवस मी कशीतरी झोप काढली, मग शिरोलीला गेलो. तो शेडमध्ये एका मोठ्या नमुन्याला रंधा मारत होता. मशीनचा आवाज थांबेपर्यंत थांबलो आणि सांगून टाकलं. मापलं होतं, विहीर दिसली होती, तरी देऊळ लिहिलं.

"म्हाईत हाय," तो म्हणाला.

"कसं?"

"निकाल लागल्यावर तुमच्याकडनं मॅडमचा नकाशा नेऊन द्यायला मीच गेलतो. उजेडाला धरला तर विहिरीवर भोक. मागच्या बाजूनं बघायची खोड हाय मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलताय का बघत हुतो." त्याने भुसा फुंकला. "राग आला की. खोटं कशाला बोलू? दोन दिवस जेवन गेलं न्हाय. शमशुद्दीनला सांगनार हुतो. पर सांगितलं असतं तर तुमचं यायचं बंद झालं असतं, आणि याद्या कोन करनार?"

मी म्हणालो, रविवारी मी सांगतो.

"सांगा. मी मधी पडनार न्हाय."

रविवारी सांगितलं. संयोगिता मॅडमनी नकाशा उजेडाला धरून विहिरीवरचं भोक बघितलं. शमशुद्दीनने भिंग डोळ्याला लावलं, एका घड्याळाचा स्क्रू बसवला, दुसरा बसवला. मग भिंग न काढताच बोलला.

"फुडच्या रविवारी यायचं न्हाय. त्याच्या फुडच्या रविवारी वेळेवर यायचं."

"बरं."

"आणि फाईल ठेवून जा. आम्हाला लागंल."

हे मी त्याच, न जायच्या रविवारी लिहितो आहे. सकाळचे सव्वादहा झाले आहेत. जुन्या वर्षांची कोडी परत काढायची असं त्यांचं ठरलं होतं, म्हणजे आत्ता माझी फाईल बाळासोच्या मांडीवर असेल आणि तो माझ्या याद्या उलट्या धरून बघत असेल. मॅडम हसत असतील. बायकोने दोनदा चहा दिला आणि विचारलं, आज सुट्टी का? मी म्हणालो, एक दिवस. मी तिसऱ्यांदा घड्याळ बघितलं तेव्हा ती ते भिंतीवरून उतरवून आत घेऊन गेली.