माझ्या आईनं पदर पसरला नव्हता

दंडाला धरून मला व्यासपीठावर चढवलं. कपाट हलवतात तसं. "पायरी. अजून एक पायरी. हां, थांब आता." माझ्या हातात हार दिला. मग माझेच हात उचलून तो एका मुलीच्या गळ्यात घातला. टाळ्या पडल्या. हार मी घातला, असं सगळ्यांनी पाहिलं.

ती मुलगी माझी लेखनिक. मला दिसत नाही. लहानपणी गोवरात डोळे गेले. बारावीच्या परीक्षेत मी सांगायचं आणि तिनं लिहायचं. औरंगाबादच्या एका चांगल्या वस्तीतल्या तरुण पोरापोरींचं मंडळ होतं. दर रविवारी ती पोरं आमच्या वसतिगृहात यायची, धडे वाचून दाखवायची, परीक्षेला लेखनिक म्हणून बसायची. एक पैसा घ्यायची नाहीत. हे मी मुद्दाम लिहितो आहे. त्यांनी वाचलं नसतं तर मी बारावीला बसलोच नसतो.

पण पहिल्याच रविवारी तिनं सांगितलं होतं, "मला ताई म्हणायचं हं." ती अकरावीत, माझ्यापेक्षा लहान. मी तिला अहो-जाहो करायचो, ती मला अरे-तुरे. मला वाटायचं, मदत घेणाऱ्यानं असंच बोलायचं असतं.

मराठीच्या पेपरात निबंध आला, 'मी पाहिलेली धाडसी व्यक्ती'. विषय वाचून ती अवघडली. मी हसलो. म्हटलं, "लिहा ताई. मी माझी आई पाहिलीय."

आणि सांगायला लागलो.

करमाडच्या पुढं आमचं गाव. बाप लवकर गेला. आई गावातल्या मोठ्या मालकाच्या गोठ्यात शेण काढायची. माझे डोळे गेल्यावर एक दिवस मालक ओट्यावरून म्हणाला, "त्या आंधळ्याला खुलताबादला नेऊन बसव की. उरसात लई पडतं पुढ्यात. तुझंबी भागंल." ओट्यावरची माणसं हसली. आईनं डोक्यावरची शेणाची पाटी तिथंच अंगणात उतरवली. म्हणाली, "माझं पोरगं शाळंत जाईल, मालक. उद्यापासून शेण तुम्हीच काढा." दुसऱ्या दिवशी ती जालना रोडवर खडी फोडायला गेली. त्या खडीवर मी शिकलो.

एवढंच. एकेक वाक्य तोलून सांगितलं. वसतिगृहातला एक मित्र मला मोर्च्यांची पत्रकं वाचून दाखवायचा. पत्रकात फालतू शब्दाला जागा नसते. मला तसं लिहायचं होतं.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

तिचं पेन तरी चालूच होतं. बराच वेळ. मला वाटलं, मागं राहिलंय ते पुरं करत असेल. पेनाच्या त्या आवाजावर माझा विश्वास होता. दुसऱ्या कशावर ठेवणार होतो?

सुट्टीत गावी गेलो. आईला म्हटलं, "तुझ्यावर लिहिलंय. बोर्डाच्या पेपरात."

"माझ्यावर? काय लिवलं रं?"

"शेण तुम्हीच काढा, ते."

ती इतकी हसली, की ठसका लागला. खडीवरच्या सगळ्या बायांना सांगत सुटली, "आगं, माझं बोलणं पार बोर्डात गेलं! आता माझ्याशी जपून बोला." बाया तिला 'बोर्डीणबाई' म्हणायला लागल्या. ती लटकंच चिडायची. सुट्टीभर तिच्या आवाजात एक ताठा होता. तो मी आधी कधी ऐकला नव्हता.

निकाल लागला. मराठीत मी कॉलेजात पहिला. मंडळानं सत्कार ठेवला. सत्कार लेखनिकांचा. आम्ही हार घालायला; आम्हाला नंतर एकेक शाल. आई एसटीनं आली, ठेवणीतलं लुगडं नेसून, आणि मागच्या रांगेत बसली.

हार घालून झाला. माझी लेखनिक माइकवर बोलायला लागली. छान बोलायची ती.

"याच्या निबंधाची गंमत सांगते. हा काय सांगत होता माहितीये? म्हणे, शेण तुम्हीच काढा!" सभागृह हसलं. "मी मनात म्हटलं, अरे, बोर्डाच्या पेपरात असं लिहितात का? परीक्षकांना राग आला असता. मग मी हळूच सुधारलं. त्या माउलीनं मालकांपुढं पदर पसरला. मालकांचे डोळे भरून आले. त्यांनी पोराच्या शाळेचा सगळा खर्च उचलला. असा गोड शेवट केला मी. आणि बघा, पहिला आला!"

टाळ्या. मोठ्या टाळ्या. मागच्या रांगेतून कसलाच आवाज नाही.

मी आवाजाच्या अंदाजानं पुढं झालो. माइक हाताला लागला. म्हणालो, "हा निबंध माझा नाही. माझ्या आईनं पदर पसरला नव्हता. त्या माणसानं एक दमडी दिली नाही. त्यानं मला भीक मागायला बसव म्हणून सांगितलं होतं."

टाळ्या थांबल्या. अध्यक्ष माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळ, उपकाराची फेड अशी करतात का?"

ती रडायला लागली. "मी तुझ्या भल्यासाठीच केलं ना रे!"

खरं होतं ते. तिच्या मनात काळंबेरं नव्हतं. म्हणूनच मी आतून मोडलो. वाईट माणसाशी भांडता येतं. हिला माझी आई धाडसी असलेली कल्पनेतसुद्धा दिसली नव्हती. तिला गरीब बाई एकाच रूपात माहीत होती, हात पसरलेली. माझ्या आईचं आयुष्यभराचं एक वाक्य तिनं खोडलं आणि माझी मदत केली.

मी शाल घेतली नाही. आईला हाक मारली. आम्ही स्टँडवर येऊन बसलो. तिनं विचारलं,

"म्या त्याच्या म्होरं पदर पसरला, असं लिवलं तिनं?"

"व्हय."

"मग ते खोडून घे की."

"खोडता येत नाही, आई. पेपर देऊन झालाय."

तिनं अगदी हळू विचारलं, "मी बायांना काय सांगू रं?"

गाडी लागली. ती चढली. खिडकीतून नेहमी हाक मारते, त्या दिवशी मारली नाही.

कॉलेजातले सगळे म्हणाले, मार्क तर मिळाले ना? मिळाले. मालकाच्या दयेचे मार्क. ते गुणपत्रक मी आजवर आईच्या हातात दिलेलं नाही.

त्यानंतर मी टायपिंग शिकलो. क्लासवाला हसला, पण शिकवलं. हे पान मीच टाइप केलंय. चुका असतील, तर माझ्या आहेत. परीक्षेला लेखनिक अजून लागतो. प्रत्येक उत्तरानंतर मी त्याला म्हणतो, "वाच परत." वेळ जातो, मार्क जातात, तो वैतागतो. मी हटत नाही. एक शब्द बदललेला ऐकू आला, तर पेपर तिथंच थांबवीन.

मदत करणाऱ्या पोरांनो, या. तुमची मदत मला लागते, ते मी लपवणार नाही. आभार मानीन. पण मदतीच्या बदल्यात माझी आई मागाल, तर ती मिळणार नाही.