रोहिदासमामांची खळ

दहिवलीचे रोहिदासमामा खालापूरजवळच्या कागद कारखान्यात खळ शिजवतात. पुस्तकांच्या कव्हरांना लागतो तो चकचकीत कागद तिथं होतो. त्यावर पांढऱ्या मातीचा लेप असतो. माती कागदाला धरून राहावी म्हणून लेपात खळ. धावत्या कागदावर एक पोलादी पातं टेकलेलं असतं, ते जास्तीचा लेप निपटून काढतं.

मामांची खळ दाट. दाट खळ म्हणजे पक्का कागद, हे त्यांचं ब्रीद.

यंदा मशीनचा वेग वाढवला आणि कागदावर लांबच लांब रेघा उमटू लागल्या. मामांनी पात्याला दोष दिला. पातं बदललं, रेघा राहिल्या. लेप बनवणारी भिसेगावची मुनिरा, वयानं मामांच्या लेकीएवढी. ती म्हणाली, टाकीत सरसर फिरणारा लेप एवढ्या वेगात पात्याखाली चेपला की खळीमुळे अडून बसतो. खळीऐवजी लॅटेक्स, म्हणजे रबरी चीक, घालून बघू.

"म्हणजे माझी कढई पालथी," मामा म्हणाले. तिनं मान खाली घातली.

चाचणीच्या दिवशी मामा रिकामी कढई पुसत उभे होते. आधी कागद स्वच्छ निघाला. मग पात्याच्या कडेला लेपाचे सुकलेले कण साचले. पुन्हा रेघा. मामांना बरं वाटलं. मग मुनिराचा चेहरा दिसला, आणि बरं वाटेना.

ती सरळ त्यांच्याकडेच आली. "मामा, नुसत्या लॅटेक्सच्या लेपातलं पाणी कागद पिऊन टाकतो. पाणी धरून ठेवायला खळ हवीच. थोडीशी."

"मी काय सांगत व्हतो?"

"पण तुमची नाही चालणार. फार दाट. पेजेवरच्या निवळीएवढी पातळ कराल?"

"पाव्हण्याला निवळी वाढली तर तो पुन्हा येत नाय, पोरी."

ती हसली. तरी उभीच राहिली.

मामांनी खळ चढवली. ती पातळ करणारं औषध घातलं. नेहमीएवढी दाट असतानाच उतरवायला हात शिवशिवत होता. उतरवली नाही. वगराळ्यातून धार पाण्यासारखी पडेपर्यंत थांबले.

मुनिरानं त्यातली थोडी लॅटेक्सच्या लेपात मिसळली आणि मशीननं पूर्ण वेग घेतला. मुनिरानं कागदाचा तुकडा कापून उजेडात धरला, मग मामांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा उलटसुलट केला. एकही रेघ नव्हती.

"कढई आता ल्हान घ्यावी लागंल," मामा म्हणाले. "धुवायला सोपी."

आणि उद्याच्या खळीचं पाणी भरायला गेले.