माइकवर घ्यायचं नाव

सातवीत असताना मला एकच गोष्ट पाहिजे होती. माझ्या याडीचं नाव शाळेच्या माइकवर घेतलं जावं. याडी म्हणजे आमच्या बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत आई. वर्गातल्या पोरींना कुणाला सायकल पाहिजे असायची, कुणाला पैंजण. मला हे पाहिजे होतं. कुणाला हसू येत असेल तर हसून घ्या, मला सवय आहे.

शाळा वसमतला, आणि आमचा तांडा तिथून एसटीच्या वाटेवर. शाळेत माइक लागला की नावं संपता संपायची नाहीत. अध्यक्षांचं, पाहुण्यांचं, पाहुण्यांसोबत उगीच आलेल्यांचं, मंडपवाल्याचं. एकदा बंद पडलेला जनरेटर पुन्हा चालू झाला तर जनरेटरवाल्याचंही नाव घेऊन टाळ्या वाजवायला लावल्या. तांड्यातल्या कुणाचं नाव मी त्या माइकवर कधी ऐकलं नाही. याडीला तर नावानं हाक मारणारं माणूसच उरलं नव्हतं. बाप तिला 'ऐकलं का' म्हणायचा, ज्याच्या शेतात ती कापूस वेचायची तो 'ए तांड्यावाली' म्हणायचा, आणि मी याडी म्हणायचे. न वापरलेल्या विळ्यासारखा नावालाही गंज चढत असणार.

त्या वर्षी इतिहासाला आम्हाला एक उपक्रमशील सर होते. हा शब्द माझा नाही, ते स्वतःच स्वतःला तसं म्हणायचे. जिल्ह्याच्या आदर्श शिक्षक पुरस्कारावर त्यांचा डोळा होता. मोबाइलवर त्यांना कुठंतरी दिसलं, की अमेरिकेत आमच्याएवढी लेकरं तिथल्या काळ्या लोकांच्या इतिहासावर आणि कवितेवर प्रकल्प करतात. झालं. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन म्हणाले, "आपली पोरं काय कमी हायेत का? आपण बी करू."

शिकवायचे मात्र छान, ते कशाला नाकारू. माणसं जहाजात कोंबून कशी आणली, बाजारात उभी करून कशी विकली, मायलेकरांची ताटातूट कशी केली, सगळं सांगितलं. मग म्हणाले की ही माणसं मालकाच्या शेतात कापूस वेचायची आणि वेचता वेचता गाणी म्हणायची, पुढं त्यांच्या नातवंडांनी कविता लिहिल्या. मी ताठ बसले. कापूस? तिकडं पण कापूस? अन् वेचताना गाणी? वर्गातल्या बाकीच्यांनी पुठ्ठ्याचं जहाज कोण करणार म्हणून भांडायला सुरुवात केली होती. प्रकल्पाच्या शेवटी माइक लावून कार्यक्रम होणार होता, मी तिथंच ठरवलं की आपण कविता करायची.

सरांनी अट घातली होती, की आधी घरातल्या कष्ट करणाऱ्या माणसाला विचारायचं आणि मगच लिहायचं. त्याला ते संशोधन म्हणायचे. मी रविवारी याडीबरोबर कापूस वेचायला गेले आणि विचारलं, वेचताना तू गाणी काहून म्हणतेस?

"काहून म्हंजे? तोंड बंद ठिवलं की बोटं दुखतेत."

हे संशोधन मी जसंच्या तसं कवितेत घातलं. कापसाच्या बोंडाला दात असतात, आणि ते दात माझ्या याडीच्या बोटांना ओळखतात, असं काहीतरी होतं. शेवटच्या ओळीत दुसरं काहीच नव्हतं, फक्त तिचं नाव. बापाचं नाव न जोडता, नुसतं तिचं. ती ओळ मी मुद्दामच केली होती. कविता वाचली की नाव आपोआप माइकवर जाणार, कोण अडवतं बघू.

सरांनी कविता दोनदा वाचली आणि विचारलं, "कुठून उतरवलीस?"

मीच केली म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही, मग बसला, आणि बसल्यावर त्यांना त्याचा रागच आला असं मला वाटलं. "शेवटी हे नाव कशाला? कवितेत असं नाव घालत नसतेत." मी म्हटलं, राहू द्या ना सर. ते माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघत राहिले. नंतर कळलं की ते माझा रंग बघत होते.

कार्यक्रमात त्यांना एक प्रसंग बसवायचा होता, गुलामांचा बाजार. गुलाम व्हायला पोरी उड्या मारत होत्या, कारण टेबलावर उभं राहायला मिळणार होतं. एका डॉक्टरांच्या पोरीला त्यांनी तव्याची काजळी तेलात कालवून फासून बघितली. ती घामानं ओघळली आणि तिचा युनिफॉर्म खराब झाला, तिची मम्मी शाळेत येऊन भांडून गेली. मग सरांनी सगळ्या वर्गासमोर माझ्याकडं बोट केलं.

"हिला घ्या. हिला काही लावायची गरजच न्हाई."

वर्ग एवढा हसला की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. सर पण हसले. ते वाईट मनानं बोलले नव्हते, त्यांना खरंच एक अडचण सुटल्याचा आनंद झाला होता. मला ते जास्त लागलं.

मी नाही म्हणाले. तेव्हा सरांनी सौदा केला. "टेबलावर उभी राहा. तुला विकलं की मग तिथंच तुजी कविता म्हण. नावासकट म्हण, जा." मी कबूल झाले. घरी जाऊन याडीला सांगितलं की माइकवर तुझं नाव घेणार आहे, तू यायचंच. ती आधी लाजली, मग म्हणाली, "उगी कशाला." मग तिनं पेटीतून लग्नातलं लुगडं काढून उन्हात टाकलं.

आता लिलाव करणाऱ्या पोराचं सांगते. त्याचा बाप मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, हळदीचा अडत्या होता. अमेरिकेत माणसांचा लिलाव कसा व्हायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, सरांनाही नाही. पण हळदीची हर्राशी कशी होते हे वसमतच्या शेंबड्या पोराला पण ठाऊक असतं. म्हणून हर्राशीच बसवली. ढिगापाशी उभं राहायचं, हळकुंड मोडून बघायचं, भाव पुकारायचा, आणि शेवटी विचारायचं, "माल कोणाचा?" ज्याचा माल त्यानं तिथल्या तिथं पुढं व्हायचं आणि द्यायचा की नाही ते सांगायचं. उशीर केला की अडत्या पुढच्या ढिगाकडं निघून जातो.

याडी एकदा असा उशीर करून बसली होती. बटईनं, अर्ध्या वाट्यावर केलेल्या तुकड्यातली तिची हळद होती. मोंढ्यात एवढ्या माणसांत बोलायला तिची जीभ रेटेना. अडत्या पुढं गेला, तिचा ढीग उन्हं कलेपर्यंत तसाच पडून राहिला, आणि मग कुणीतरी पडेल भावात उचलला. बाप घरी तिला जे बोलला ते मी लिहीत नाही. तेव्हापासून तिनं एक पक्कं केलं होतं, विचारलं की लगेच उठायचं.

कार्यक्रमाच्या दिवशी ग्राउंडवर मंडप होता. मागच्या खुर्च्यांवर याडी त्या लुगड्यात बसली होती, मांडीवर हात ठेवून, फोटो काढून घेणाऱ्यासारखी. आधी जहाज झालं. मग डॉक्टरांच्या पोरीनं एक इंग्रजी कविता म्हटली, ती कुणाला कळली नाही आणि तिला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. मग माझी पाळी.

पायात बैलाची साखळी अडकवून मला टेबलावर चढवलं. साखळी खरी होती, शिपायाच्या गोठ्यातली, तिला शेणाचा वास येत होता. अडत्याचं पोरगं माझ्याभोवती फिरलं, माझा दंड दाबून बघितला, हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं आणि दात मोजल्यासारखं केलं. एवढं तालमीत होतं. मग त्यानं भाव पुकारला, आणि बोली लावायला उभ्या केलेल्या आमच्या वर्गातल्या पोरांच्या आधीच पुढच्या सोफ्यावरून आवाज आला.

"दोन पोते हळद."

बोलणारे प्रमुख पाहुणे होते. मोठे व्यापारी. त्यांना चेव चढला होता. त्यांच्या शेजारच्यांनी लगेच वर बोली लावली, तिसऱ्यानं त्याच्यावर. सगळे मोंढ्यातलेच, हात आपोआप वर जात होते. कुणी म्हणालं, माल वाळलेला दिसतोय. कुणी म्हणालं, पॉलिश करून घ्यावं लागंल. मंडपात हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. सर कडेला उभे राहून मोबाइलवर शूटिंग करत होते आणि हात हलवून त्या पोराला खुणावत होते की चालू दे, चालू दे. मी मनात कविता म्हणत होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत, शेवटची ओळ विसरू नये म्हणून.

एक वार, दोन वार, तीन वार झालं. इथं खेळ संपायचा होता. पण त्या पोराला बापाची सवय लागलेली. त्यानं माइक तोंडाशी धरून, मंडपाकडं बघून, अगदी बराबर मोंढ्यातल्यासारखं विचारलं, "माल कोणाचा?"

याडी उठली.

मी तिला टेबलावरून बघत होते. तिनं उशीर केला नाही. पदर सावरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माजा हाय."

"द्यायचा का?"

"द्या की. चांगला भाव आलाय."

ती हसत होती. तिला वाटलं, हेच ते. आपल्या लेकीनं बोलावलं ते ह्याच्यासाठी, शाळेनं आपल्याला विचारलं, आणि आपण बरोबर उत्तर दिलं. मंडप फुटेल असा हशा झाला, टाळ्या, शिट्ट्या. पाहुणे उठून उभे राहिले. याडीनं त्यांना दोन्ही हात जोडले.

मी कविता सुरू केली. माइक त्या पोराच्या हातात होता, तो मी मागितला, त्यानं दिला नाही. पहिली ओळ तशीच मोठ्यानं म्हटली. त्यानं माझ्याकडं बघितलं, लोकांकडं बघितलं, लोक अजून हसत होते आणि त्याला अजून हसवायचं होतं. तो माइकमध्ये म्हणाला, "विकलेला माल बोलत नसतो."

झालं. सरांनी पडदा ओढायला सांगितलं. मी साखळीसकट टेबलावरून उतरले आणि सरांकडं गेले. म्हटलं, सर, कविता. ते मोबाइलमध्ये शूटिंग नीट आलं का बघत होते. "अगं आता कविता कुठं, पाहुण्यांना उशीर होऊन राहिलाय. तुजं काम लई ब्येस झालं पण. अन् तुजी आई तर कमालच." पाहुण्यांनी भाषणात शाळेचं, सरांचं, मंडपवाल्याचं नाव घेतलं. माझ्याबद्दल म्हणाले, ती काळी पोरगी. मला त्या माणसांचा तेव्हाही संताप आला होता आणि आजही येतो. वय झालं की राग निवतो म्हणतात, मला अजून तसा अनुभव नाही.

एसटीत याडीनं खिडकीची जागा मला दिली. ती खूश होती, पण काहीतरी विचारायचं होतं तिला. माळवट्याचा थांबा गेल्यावर हळूच म्हणाली, "माजं नाव कवा घेतलंस गं? मी कान लावून बसले होते."

मी तिच्याकडं बघितलं नाही. म्हटलं, "घेतलं की. तू उभी राहिलीस न्हाई का, तवाच. टाळ्यांत ऐकू आलं नसंल तुला."

तिनं लुगड्याच्या निऱ्या मांडीवर नीट केल्या. मग म्हणाली, "माजंच चुकलं. मी मधीच उठले. बसून राहिले असते तर ऐकू आलं असतं."

सरांनी तो व्हिडिओ स्टेटसला टाकला, मग तो ग्रुपवर फिरला. त्या वर्षी त्यांना पुरस्कार मिळाला. तांड्यातही व्हिडिओ आला, सगळ्यांनी बघितला. मी आता नांदेडला शिकते. सुट्टीत घरी गेले की याडी माझा मोबाइल मागते आणि तो लावून दे म्हणते. मी टेबलावर उभी आहे, माझं तोंड उघडून दात बघताहेत, हे ती बघतच नाही. ती थांबते ते स्वतः उठून उभी राहते तिथं. टाळ्या सुरू झाल्या की मोबाइल कानाला लावते आणि डोळे मिटते. मी पुन्हा लावते, ती पुन्हा ऐकते. मागच्या दिवाळीत तिनं मोबाइल माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, "आज जरासं आलं ऐकू."