पावनीला नागली मिळत न्हाई

राजुरीच्या फाट्यावर येष्टी आली तवा पाऊस भुरभुर चालू व्हता आन् माझ्या डोक्यावर बाजरीच्या पिठाचं गठुडं. कंडक्टर म्हनला, आज्जी, गिरनीला चाललीस का. म्या सांगितलं, गिरनीला न्हाई बाबा, नातीला परदेशाला धाडायची हाय, तिच्या तयारीला चाललीय. त्यो कोमलकडं बगून हसला. जायचं परदेशाला आन् वाट धरली तळेघरची, त्येला काय मेळ लागंना. तुमालाबी लागायचा न्हाई, म्हून आदी सांगून टाकते.

कोमल माझ्या थोरल्याची पोरगी. गनित शिकवती. आफ्रिकेत टांझानिया म्हून देश हाय, तिथल्या डोंगरातल्या एका पोरींच्या शाळंनं तिला बोलावलं. तिथंच ऱ्हायचं, तिथंच शिकवायचं. घरात पेढे वाटून झाले. मंग तपासनी झाली, आन् डाक्टरीनबाई म्हनल्या, पोरीच्या अंगात रगत लई कमी हाय. गोळ्या दिल्या, नीट जेवायला लावा म्हनल्या, निगायच्या आदी फिरून रगत बगू. वाढलं तर तब्येतीचा दाखला, न्हाईतर न्हाई. आन् दाखला न्हाई मिळाला तर शाळा दुसरी बाई बगनार.

पोरगी जेवायची कुटं? पुन्याला शिकाया व्हती तवाची सवय. सकाळी चहा-बिस्कुट, दुपारी चहा-बिस्कुट, सांजच्याला पुड्यातल्या शेवया. रगताची गोळीसुदिक चहाबरुबर गिळायची, डाक्टरीनबाईंनी चहाबरुबर घिऊ नको म्हून बजावलं व्हतं तरी. वर एक भ्या. एकदा चुलीपाशी बसून हळूच म्हनली, "आज्जी, तिथं मक्याच्या पिठाचा गोळा खात्यात, उगाली म्हनत्यात. सकाळी नाचनीची पेज. मला जाईल का गं ते?"

नाचनी म्हनली तसं माझं कान उभं ऱ्हायलं.

आमी मेंढकी मानसं. आता घरात कांदा हाय, टमाटं हाय, दावनीला दोन शेरडं हायेत; पन माझं सारं जवानपन मेंढरांमागं गेलं. दिवाळी झाली का बिऱ्हाड घोड्यावर टाकायचं, घाट उतरून कोकनात जायाचं, उन्हाळा सरता सरता माघारी यायचं. नव्या मुलखात मेंढरू एकदम सोडत न्हाईत, त्येचं पोट फुगतं. वाटंत थांबत थांबत, तिकडच्या पाल्याची चव दावत दावत न्यायाचं. म्या ठरवलं, ही पोरगीबी तशीच न्यायाची. नाचनी पिकती तळेघरच्या डोंगराला, आन् तिथं माझी हौसा हाय.

हौसाबाय म्हंजे तळेघरच्या वरल्या अंगाच्या वाडीतली. आमच्या मेंढ्या तिच्या सासऱ्याच्या खाचरात (भाताच्या वावरात) बसायच्या. मेंढ्यांच्या लेंड्यांनी वावराला खत व्हायचं आन् त्येच्या बदल्यात आमाला दानं मिळायचं. एक साल गारा पडल्या. निम्मा कळप एका दुपारी गेला. थोरला माझ्या कडंवर, अंगावर पाजती मी, आन् पोटात दोन दिस कायबी न्हाई. हौसाच्या सासूनं मला नागलीची भाकर दिली. तिकडं नाचनीला नागली म्हनत्यात. मी खाल्ली, दूध आलं, पोरगं जगलं. त्येच पोरगं म्हंजे कोमलचा बाप. रडायचं तवाच रडून झालंय, आता सांगते ती, ती भाकर ठावी असावी म्हून.

तर आळेफाट्याला गाडी बदलली, मंचरला बदलली. मंचरच्या स्टॅंडावर कोमलनं वेफर घेतलं. घोडेगाव गेलं, डिंभ्याचं धरन लागलं, पानी पार डोंगराच्या पायाला टेकलेलं, आन् मंग वळनं सुरू झाली. वेफर खिडकीतून भाईर गेलं. शेजारची बाई लई भली, तिनं पदरातली आल्याची कुडी दिली. पोरीच्या त्वांडाला रंग आला तशी बाई म्हनली, कुटं चाललीस बाय? कोमल म्हनली, आफ्रिकेला. बाईनं खिडकीतून भाईर बगितलं, आन् म्हनली, मंग अजून बरीच वळनं हायेत.

तळेघरला उतरलो. सगळा डोंगर ढगात. तिथनं वाडीला गाडी न्हाई, चालायचं. छत्री पयल्याच वाऱ्याला उलटी झाली. माझ्या गठुड्यातलं बाजरीचं पीठ भिजून त्येचा गोळाच झाला. कोमल म्हनली, घे, झाली तुझी उगाली. तिथं चिखलात हुबं ऱ्हाऊन आमी दोगी अशा हसलो का पाय घसरायला लागलं.

हौसा दारातच व्हती. दात राह्यलं न्हाईत, पन आवाज त्योच. गळ्यात पडली, कोमलचं त्वांड दोनी हातांनी धरून बगितलं. मंग आत गेली आन् सुनंला, मंदाला, हुकूम सोडला. पोराला मोटारसायकलीवर पावसात तळेघरच्या दुकानाला पिटाळलं.

ताट आलं. पुऱ्या. पांढरा भात. बटाट्याची भाजी त्यालात पवनारी. डब्यातलं श्रीखंड. वर फरसान, आन् गिलासात थंड रंगाचं पानी, बाटलीतलं. आन् आतल्या चुलीवरनं मला वास येत व्हता नागलीच्या भाकरीचा. घरची मानसं आत बसून ती खात व्हती, हितं आमी पाटावर बसून पुऱ्या.

म्हनलं एक डाव चालायचंच. दुसऱ्या दिशी सकाळी पाव आन् चहा. दुपारी शिरा. तिसऱ्या दिशी म्या त्वांड उघडलं. म्हनलं, हौसा, आमाला नागली वाढ. पोरीला तीच खायाची हाय, त्येच्यासाटीच आलोय. हौसाचं त्वांड पडलं. तिला वाटलं, तिला गरिबीची लाज वाटू नये म्हून मी तसं बोलतीय.

"पावन्याच्या ताटात नागली वाढू व्हय?" ती म्हनली. "वाडीला कळलं तर काय म्हनतील? हौसाच्या घरात गव्हाचं पीठ न्हाई?"

"तुज्या सासूनं मला वाढली व्हती की."

"तवा तू मेंढकी व्हतीस, ठके. आता तुजी नात इमानात बसनार."

तिनं मंदाला सांगून सांजच्याला गुलाबजाम केलं, पुड्यातलं. कोमल मला हळूच म्हनली, आज्जी, हितं अजून चार दिस ऱ्हायलो तर माझं रगत पाकानं भरंल.

मला रात्री नीज न्हाई आली असं न्हाई, मी झोपले. पन सकाळी उठले तवा वाडीतल्या बाया घोळक्यानं खाचराकडं निगाल्या व्हत्या. आवनी चालू व्हती, म्हंजे भाताची रोपं उपटून चिखलात लावायची. तिकडं पडकई करत्यात. आज सारी वाडी तुज्या वावरात, उद्या तुज्यासकट सारी माज्या वावरात. मजुरी न्हाई. ज्येच्या वावरात काम त्येच्या घरची भाकर, आन् जी घरच्यांना तीच साऱ्यांना. त्या दिशी पडकई हौसाच्याच खाचरात व्हती.

म्या कोमलला हलवली. म्हनलं ऊठ, लुगडं न्हाई तर तुजी ती प्यांट गुडघ्यावर दुमड. कुनाला इचारलं न्हाई. हौसा चुलीपुढं व्हती तवर आमी मागल्या दारानं भाईर. मंदा रोपं उपटत व्हती, तिनं बगितलं, आन् डोक्यावरचं इरलं (पानांचं पावसाचं पांघरून) काडून माज्या डोक्यावर ठिवलं. तिला कळलं व्हतं. सुनांना कळतं.

गुडघ्याएवढा चिखल, गार. पाठ वाकली ती वाकलीच. माजी सवय मोडलेली, पन हात इसरत न्हाईत. कोमलनं पयल्यांदा रोपं लावली ती सारी पान्यावर तरंगली. शेजारच्या म्हातारीनं तिचा आंगठा धरून चिखलात खुपसला, असं, म्हनून. मंग लागली लावायला. मंग बसली एकदा चिखलात, पार कंबरेपतूर. बाया हसल्या, तीबी हसली. कुनीतरी इचारलं, तिकडं आफ्रिकेत काय बोलत्यात? ती म्हनली, असांते म्हंजे आभार. आन् करीबू म्हंजे या, बसा. झालं. ओळीत कुनी कुनाकडं रोपांची मूठ फेकली का असांते. फेकनारी म्हनायची करीबू. दुपारपतूर सारं खाचर असांते-करीबू करत व्हतं. हौसा बांधावर आली तवा तिला वाटलं बाया पिऊन आल्या.

तिनं आमाला बगितलं. माझ्याकडं बगितलं, कोमलच्या प्यांटीकडं बगितलं. पाऊस पडत व्हता, ती बांधावर, आमी चिखलात. मंग ती नुसती माघारी फिरली आन् मला वाटलं, मोडलं आता, म्या तिचा मान मोडला.

दुपारी पाटी आली. हौसाच घिऊन आली, डोक्यावर. बांधावर बाया वळीनं बसल्या, हात खाचराच्या पान्यातच धुतलं. हौसा एकीकडनं वाढत आली. हातावर भाकर, भाकरीवर कुर्डूची भाजी, कडंला मिरचीचा ठेचा. माज्यापाशी आली, भाकर ठिवली. काळी, जाड, कड जरा करपलेली. कोमलपाशी आली. एक घडी थांबली. मंग तिच्याबी हातावर ठिवली.

"पुऱ्या घरी ऱ्हायल्या," हौसा म्हनली. "आता काय उंदरांना घालू?"

"मंदाला घाल," म्या म्हनलं. "ती तीन दिस आमच्या पुऱ्यांकडं बगतीय."

मंदा मान खाली घालून हसली. कोमल खात व्हती. भाकर संपली, तिनं हात पुढं केला. पुन्यापासनं म्या त्या पोरीला दुसऱ्यांदा मागताना बगितली न्हवती. मी डोंगराकडं बगितलं. पाऊस व्हता, त्वांड तसंबी वलं व्हतं.

आठ दिसांसाटी आलेलो, आवनी सरंस्तवर ऱ्हायलो. पडकई म्हंजे एका वावरात उतरलं का साऱ्यांच्या वावरात उतरावं लागतं. सकाळी नागलीची आंबील, दुपारी बांधावर भाकर, सांजच्याला वरईचा भात आन् कवा कवा खेकड्याचं कालवन. भारंगीची भाजी कडू लागली तवा कोमलनं नाक मुरडलं, तवा हौसा म्हनली, शाळंत पोरीबी गनिताला असंच नाक मुरडत असतील, तू सोडतीस का त्येंना? गोळी चालू व्हतीच, पन आता पान्याबरुबर, वर आवळ्याची फोड. चहा सुटला न्हाई, पन गोळीपासनं लांब, दुपारच्याला गेला. पाट सोडून कोमल चुलीपाशी बसाया लागली, आन् मंदानं तिला शिजत्या पान्यात पीठ टाकून घट्ट गोळा ढवळायला शिकवलं. हात दुखस्तवर ढवळायचं, गुठळी ऱ्हायली न्हाई पायजे. उगालीचीच बहीन, म्हना.

निगायच्या सकाळी हौसानं नागलीच्या पिठाचं गठुडं दिलं. म्या म्हनलं, पिठानं पडकई फिटत न्हाई, आता आमच्या वावरात यायची पाळी तुजी. ती म्हनली, ठावं हाय. कांद्याच्या लागनीला येते राजुरीला.

उतरताना त्याच वळनांवर कोमल खिडकीला डोकं टेकून झोपली. आळेफाट्याला रगत तपासाया दिलं, आन् कागद येस्तवर मी दवाखान्याच्या पायरीवर बसून ऱ्हायले. गारपिटीच्या सालीबी मी अशीच बसले व्हते, हात मांडीवर, पुढचं पुढं. डाक्टरीनबाई भाईर आल्या, कोमलच्या डोळ्याची खालची पापनी वढून बगितली, हसल्या. म्हनल्या, अजून थोडं वाढाया पायजे, गोळ्या सोडू नको, पन जा. दाखला मिळाला.

ती गेली. घर मोकळं मोकळं झालं. पयलं फोन आलं ते बारीक आवाजाचं. शाळंत लई मान देत्यात म्हनली. तिच्यासाटी बाजारातनं पाव आनत्यात, तळल्याली कोंबडी, बाटलीतलं रंगाचं पानी, टेबल येगळं. पोरी आन् सयपाकाच्या बाया मागं बसून उगाली खात्यात, पालेभाजीबरुबर. हिनं मागितली तर म्हनत्यात, तुमी मास्तरीनबाई, तुमाला ती कशी वाढायची?

काय करायचं ते तिला सांगायची गरज न्हवती.

काल परत फोन आला. हसतच बोलत व्हती. शाळंचं मक्याचं वावर हाय, पोरी शाळा सुटल्यावर खुरपत्यात. ही पायातलं काडून उतरली त्येंच्यात. एकीनं तिच्या हातात कुदळ दिली. सांजच्याला सयपाकघरात गेली, ढवळायची काठी हातात घेतली. सयपाकीनबाईनं तिचं ढवळनं बगितलं आन् इचारलं, हे कुटं शिकलीस?

"तू काय सांगितलंस?" म्या इचारलं.

"तळेघरला," ती म्हनली. "आन् आज्जी, आज त्येंनी माझं टेबल मांडलंच न्हाई."

फोन ठिवला. चुलीपाशी गव्हाचं पीठ चाळून ठिवल्यालं व्हतं, गूळ किसल्याला व्हता. सकाळच्या येष्टीनं हौसा येनार, म्हून सुनंला पुरनपोळ्या सांगितल्या व्हत्या. मी बसून त्या पिठाकडं बगत ऱ्हायले. मंग गव्हाचा डबा झाकला आन् बाजरीचा उघडला.

सुनंनं इचारलं, पावनीला बाजरी? म्या म्हनलं, सकाळी तिला फाट्यावरनं घरी आनायचीच न्हाई. सरळ कांद्याच्या वाफ्यावर न्यायची.